अक्रोपोलिसच्या पायथ्याचं प्लाका: पायी फिरणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

मी अथेन्सला दोनदा गेले. पहिल्यांदा ग्रुप टूरने. तेव्हा अक्रोपोलिसवरून, म्हणजे प्राचीन देवळांच्या टेकडीवरून, खाली आणून पायथ्याच्या प्लाका या जुन्या वस्तीच्या तोंडाशी उभं केलं आणि सांगितलं, पाऊण तास आहे, शॉपिंग करून घ्या. त्या पाऊण तासात मी आद्रियानू रस्त्यावरच्या मॅग्नेट आणि टीशर्टच्या दुकानांपलीकडे गेलेच नाही, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की प्लाका म्हणजे आपलं तुळशीबागेसारखं काहीतरी आहे. दुसऱ्यांदा आईला घेऊन स्वतःचं स्वतः प्लॅन करून गेले, चार दिवस तिथेच राहिलो, आणि तेव्हा कळलं की त्या दुकानांच्या वर, दोन गल्ल्या सोडून, अडीच हजार वर्षांपासून माणसं राहत आलेली एक अख्खी वस्ती आहे आणि पहिल्या खेपेला मी तिच्या उंबऱ्यावरून परत आले होते.

म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, अक्रोपोलिस बघून उरलेला वेळ प्लाकाला देऊ नका. प्लाकाला अख्खी सकाळ द्या आणि ती अक्रोपोलिसच्या आधी द्या. वरची देवळं मग कितीतरी जास्त कळतात.

१. निघायच्या आधी: कागदपत्रं आणि सामान

ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात येतं, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून मोठ्या माणसांची फी ९० युरो झाली आहे, व्हिसा सेंटरचे सर्व्हिस चार्जेस वेगळे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, नियमाने शेवटची मुदत १५ दिवस आधीची आहे पण त्या १५ दिवसांवर अजिबात राहू नका, मे-जूनसाठी सगळ्यांची एकदमच गर्दी होते आणि अपॉइंटमेंट मिळवण्यातच दिवस जातात.

लागणाऱ्या गोष्टी:

- पासपोर्ट: शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने व्हॅलिड, दोन पानं कोरी, आणि १० वर्षांच्या आत काढलेला
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, किमान ३०,००० युरोचं कव्हर
- विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, नोकरी असेल तर रजेचं पत्र
- सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, एक संच बॅगेत, एक घरी कुणाकडे तरी
- तळव्याला चांगल्या खाचा असलेले बूट
- पाण्याची बाटली, टोपी, मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशा
- थोडे सुटे युरो, बाकी कार्ड सगळीकडे चालतं

यातला एक सापळा आपल्याकडचाच आहे. आपल्या आयांच्या कागदांवर कुठे माहेरचं नाव, कुठे नवऱ्याचं नाव, कुठे मधलं नाव गायब. आईच्या इन्शुरन्सवर नाव एका पद्धतीने आणि पासपोर्टवर दुसऱ्या पद्धतीने आलं होतं, ते फॉर्म भरायच्या आदल्या रात्री लक्षात आलं आणि पॉलिसी पुन्हा काढावी लागली. सगळी कागदं समोर ठेवून स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवून बघा.

बुटांचं मी कळकळीने सांगतेय. प्लाकातल्या पायऱ्या आणि गल्ल्यांतल्या फरशा, अक्रोपोलिसची वाट, शेजारची आरिओस पागोसची टेकडी, सगळीकडे संगमरवर नाहीतर चुनखडीचा दगड आहे आणि तो शेकडो वर्षं पायाखाली घासून आरशासारखा झालाय. कोरडा असला तरी घसरतो. पाऊस पडून गेला असेल तर आरिओस पागोसवर जाऊच नका. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून मी एकदा गेले आणि तीन पायऱ्या बसूनच उतरले.

२. राहायचं कुठे, फिरायचं किती वाजता

विमानतळावरून निळ्या लाइनची मेट्रो थेट सिन्ताग्मा आणि मोनास्तिराकी या प्लाकाजवळच्या स्टेशनांना येते, साधारण ४० मिनिटं. विमानतळाचं तिकीट वेगळं असतं, मी घेतलं तेव्हा ९ युरो होतं, शहरातलं ९० मिनिटांचं साधं तिकीट १.२० युरो. शहरातल्या तिकिटावर विमानतळाला जाऊ नका, दंड होतो.

राहायला प्लाकाच्या आत महाग पडतं. अक्रोपोली स्टेशनच्या दक्षिणेला कुकाकी नावाची वस्ती आहे, तिथून प्लाका चालत दहा-पंधरा मिनिटं. आम्ही तिथे राहिलो, खाली बेकरी, कोपऱ्यावर भाजीवाला, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे. आईला पहिल्या दिवशीच बरं वाटलं.

वेळ: सकाळी साडेसात. उन्हाळ्यात तर सातच. दहानंतर ग्रुप यायला लागतात आणि अनाफिओतिका या प्लाकाच्या वरच्या अंगाच्या वस्तीतल्या गल्ल्या, ज्या जेमतेम एका माणसाच्या रुंदीच्या आहेत, तिथे रांगा लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपर्यंत जातो, २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेत दुपारच्या वेळी अक्रोपोलिस चक्क बंद ठेवावं लागलं होतं. जमलं तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरा. आणि दुपारी तीन ते साडेपाच ही उन्हाळ्यात तिथे रीतसर शांततेची वेळ असते, लोक वामकुक्षी घेतात, त्या वेळी गल्लीत मोठ्याने बोलू नका.

३. सुरुवात अक्रोपोली स्टेशनपासून करा

बहुतेक जण मोनास्तिराकीपासून सुरू करतात. तिथून सुरू केलं की चढ शेवटी येतो, ऊनही तेव्हाच चढलेलं असतं आणि दुकानांतच अडकायला होतं. उलटं करा. लाल लाइनच्या अक्रोपोली स्टेशनवर उतरा. वर आलात की समोर अक्रोपोलिस म्युझियम दिसतं, २००९ मध्ये उघडलेलं. म्युझियमच्या दारात थांबून पायाखाली बघा, काचेची जमीन आहे आणि खाली खोदकामात सापडलेली जुनी घरं, विहिरी, न्हाणीघरं. म्हणजे आपण उभे आहोत तीही वस्तीच होती.

तिथून समोरचा रुंद पादचारी रस्ता ओलांडून वीरोनोस नावाच्या गल्लीत शिरा. वीरोनोस म्हणजे बायरनचा, तो इंग्रज कवी. गल्लीच्या टोकाला छोटा चौक आहे आणि त्यात गोल, उंच, नाजूक खांबांचं एक स्मारक. लिसिक्रातेसचं स्मारक, इसवी सनपूर्व ३३५-३३४ चं.

याची गोष्ट कळली की मजा येते. दिओनिसोस देवाच्या उत्सवात गाण्या-नाचाच्या स्पर्धा व्हायच्या, पथकाचा खर्च गावातला एखादा पैसेवाला करायचा, आणि पथक जिंकलं की बक्षीस म्हणून तीन पायांची काशाची तिवई मिळायची. ती लोकांना दिसावी म्हणून हे लोक रस्त्याकडेला स्मारक बांधून त्यावर चढवून ठेवायचे. लिसिक्रातेसने मुलांच्या पथकाचा खर्च केला होता. म्हणजे पुरुषोत्तम करंडक जिंकल्यावर कुणीतरी करंडकासाठी दगडी मंदिर बांधावं, आणि ते चौकात तेवीसशे वर्षं टिकावं. अशा तिवयांची रांगच्या रांग होती, तो रस्ता म्हणजे त्रिपोदोन, तिवयांचा रस्ता, आणि आजही तो त्याच नावाने तिथूनच निघतो. पाटी वाचा आणि दोन मिनिटं त्यावर चालून बघा.

या स्मारकाभोवती पुढे कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता, बायरन १८१०-११ मध्ये त्यात राहिला होता. ग्रीसमधला पहिला टोमॅटो याच मठाच्या बागेत १८१८ मध्ये लावला असं सांगतात. मठ स्वातंत्र्ययुद्धात जळाला, स्मारक राहिलं.

४. खडक डाव्या हाताला ठेवून अनाफिओतिकात चढा

चौकातून एपिमेनिदूच्या पायऱ्या वर जातात. इथून पुढे नकाशा खिशात ठेवा. नियम एवढाच, अक्रोपोलिसचा खडक सतत डाव्या हाताला हवा. तो उजवीकडे आला किंवा दिसेनासा झाला तर तुम्ही चुकलात, मागे फिरा आणि चढाची गल्ली घ्या. त्या गल्ल्यांत जीपीएसही गोंधळतं, एक गल्ली वरून आणि एक खालून जाते आणि मोबाइल दोन्ही एकच समजतो.

वर स्त्रातोनोस रस्त्याला लागलात की थोड्या वेळाने सेंट जॉर्जचं पांढरं छोटं चर्च दिसेल. तिथून अनाफिओतिका सुरू. आणि इथे एकदम वाटतं की आपण शहरातून उचलून कुठल्यातरी बेटावर ठेवले गेलो. चुन्याने पांढरी केलेली बुटकी घरं, निळी दारं, पायऱ्यांच्या कडांना चुन्याच्या रेघा, बोगनवेल, मांजरं.

बेटासारखं वाटतं कारण ते बेटावरच्याच लोकांनी बांधलंय. १८३० नंतर ग्रीस नवीन स्वतंत्र झालेला, ओथोन नावाचा राजा आलेला, त्याला राजवाडा हवा होता. बांधकामाला अनाफी नावाच्या लहानशा बेटावरून गवंडी आणि सुतार आले. दिवसभर राजवाडा बांधायचा आणि स्वतःला राहायला जागा नाही, म्हणून त्यांनी खडकाच्या या उतारावर आपल्या गावासारखी घरं बांधली. अंधार पडल्यावर काम सुरू करायचं आणि उजाडायच्या आत छप्पर घालायचं, छप्पर पडलं की घर आपलं, असं जुन्या चालीने धरायचे म्हणे. पुढे १९५० मध्ये उत्खननासाठी यातली काही घरं पाडली, १९७० पासून सरकारने घरं विकत घ्यायला सुरुवात केली. आता पंचेचाळीसच्या आसपास उरलीत. काही गल्ल्यांना अजून नाव नाही, पत्ता म्हणजे अनाफिओतिका १, अनाफिओतिका २ असाच.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे आपण विसरतो की इथे लोक राहतात. फोटोसाठी कुणाच्या पायरीवर बसू नका, दार उघडं दिसलं म्हणून डोकावू नका. कोकणात आपल्या घराच्या ओटीवर अनोळखी माणसं येऊन सेल्फी काढायला लागली तर कसं वाटेल तसंच आहे ते.

आम्ही गेलो तेव्हा एक आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. कुंड्या म्हणजे तेलाचे नाहीतर चीजचे रिकामे डबे, चुना फासलेले. आईने एका डब्यातल्या बारीक पानांच्या झाडाला लांबूनच हात दाखवला, आजींनी मानेने या म्हटलं, मग आईने पान न तोडता दोन बोटांत नुसतं चोळलं, बोटं नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं हा तर सब्जा!" आजी म्हणाल्या, "वासिलिको." तिकडे दाराशी सब्ज्याची कुंडी ठेवतात, चर्चमध्ये तीर्थ शिंपडायला पण त्याचीच जुडी वापरतात. आई म्हणाली तुळशीच्याच घरातली आहे, मान असणारच. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं तरी पाच-सात मिनिटं बोलत होत्या. मी मुकाट्याने पिशवी धरून उभी राहिले, फोटो नाही काढला, आणि ते बरोबरच केलं असं अजून वाटतं.

गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर: या टप्प्यात पायऱ्या आहेत, उंची एकसारखी नाही आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. आईला आम्ही दर वळणावर बसवत नेलं, एक तास लागला. चढ जमणारच नसेल तर लिसिक्रातेसच्या चौकातून सरळ आद्रियानूने खालून रोमन अगोरापर्यंत, म्हणजे रोमन काळातल्या बाजारचौकापर्यंत या, सपाट आहे.

५. उतरताना: जुनं विद्यापीठ आणि वाऱ्यांचा मनोरा

अनाफिओतिकातून बाहेर पडून उतार धरलात की थोलू नावाच्या गल्लीत एक जुना दुमजली वाडा आहे, अथेन्स विद्यापीठाची पहिली इमारत. १८३७ ते १८४१ विद्यापीठ इथे होतं, आता म्युझियम आहे. इथे थांबायला आपल्याला एक जास्तीचं कारण आहे. दिमित्रिओस गालानोस नावाचा अथेन्सचाच एक माणूस कलकत्त्याच्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला म्हणून हिंदुस्थानात आला, मग काशीला गेला आणि चाळीस वर्षं तिथेच राहून संस्कृत शिकला. गीतेचं ग्रीक भाषांतर केलं. १८३३ मध्ये काशीतच वारला आणि जाताना आपली हस्तलिखितं आणि शिल्लक अथेन्समधल्या शिक्षणासाठी ठेवून गेला. आणि उलट्या बाजूने बघायचं तर आपल्या कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांनी (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) दान दिल्याचे लेख आहेतच. कार्ल्याला जाऊन आलेल्या माणसाने या गल्लीत जरा वेळ थांबावं असं मला वाटतं.

आणखी खाली उतरलात की रोमन अगोरा आणि त्याच्या कडेला आठ कोनी संगमरवरी मनोरा. किरोसच्या आंद्रोनिकोसने बांधलेला, दोन हजार वर्षांहून जुना. लोक त्याला नुसतं आएरिदेस म्हणतात, म्हणजे वारे. आत पाण्याचं घड्याळ होतं, बाहेर आठही भिंतींवर सूर्यघड्याळाच्या रेषा, माथ्यावर वारा दाखवणारी काशाची मूर्ती. तिकीट नाही काढलं तरी कुंपणाबाहेरून नीट दिसतो आणि वरच्या पट्टीतल्या आकृत्याच बघायच्या आहेत. आठ बाजूंना आठ वारे, आपल्या अष्टदिक्पालांसारखे, सगळे पंख पसरून उडतायत. उत्तरेचा बोरेआस दाढीवाला, जाड अंगरख्यातला, हातात शंख घेतलेला, कारण तो गार वारा आणि घोंगावत येतो. दक्षिणेचा नोतोस मडक्यातून पाणी ओततोय, तो पाऊस आणणारा. पश्चिमेचा झेफिरोस अनवाणी, उपरण्याच्या ओच्यात फुलं. कुंपणाभोवती सावकाश फेरी मारा आणि बोरेआस सापडला की समजा तुम्ही उत्तर बाजूला उभे आहात.

जाता जाता एक: रस्त्याकडेच्या झाडांना छान संत्री लगडलेली दिसतील, तोडून खाऊ नका, ती कडू असतात, मुरांब्याला वापरतात. त्यांना तिथे नेरांत्झी म्हणतात आणि आपलं नारिंगी, दोन्ही शब्द एकाच मुळाचे.

६. चार शब्द शिकून जा, आणि पहिला शब्द नीट शिका

ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो. पुन्हा वाचा, "ने" म्हणजे हो. आपल्या कानाला ते "नै" ऐकू येतं आणि डोकं आपोआप नाही समजतं. दुकानदाराला विचारलं कार्ड चालेल का, तो म्हणाला ने ने, आणि मी कार्ड परत पर्समध्ये ठेवलं. दोन दिवस असंच चाललं होतं. नाही म्हणजे "ओही", आणि बऱ्याचदा तेही बोलत नाहीत, नुसती मान वर झटकून जिभेने च्च करतात.

कालिमेरा म्हणजे सुप्रभात, एफ्खारिस्तो म्हणजे थँक्यू, सिग्नोमी म्हणजे सॉरी किंवा जरा बाजूला व्हा. कालिमेरा म्हणून दुकानात शिरलं की वागण्यात फरक पडतो, हे मी चार दिवस रोज बघितलं.

७. मोनास्तिराकी: इथे बघायला खूप, सांभाळायलाही खूप

रोमन अगोरापासून पाच मिनिटांत मोनास्तिराकीचा चौक. इथे एका जागी उभं राहून स्वतःभोवती फिरलात तर १७५९ ची मशीद, मठाचं जुनं चर्च, हाद्रियान बादशहाने सन १३२ मध्ये बांधलेल्या ग्रंथालयाची भिंत आणि वर अक्रोपोलिस, सगळं एका फेरीत दिसतं. खाली मेट्रो स्टेशनात जाऊन एरिदानोस नदी बघा. खरीखुरी नदी आहे, शहराने झाकून टाकलेली, स्टेशन खोदताना पुन्हा वर आलेली.

सापळे असे:

- या स्टेशनवर आणि विमानतळाच्या मेट्रोत खिसेकापू फार. बॅग पुढे, मोबाइल मागच्या खिशात नाही. दार बंद होताना मुद्दाम गर्दी करतात तोच क्षण धोक्याचा.
- "माय फ्रेंड, इंडिया?" म्हणत मनगटाला दोरा बांधायला येतात. एकदा बांधला की पैसे मागतात. हात खिशात घालून चालत राहायचं.
- सिन्ताग्माच्या बाजूला एकट्या पुरुषाशी गोड बोलून बारमध्ये नेतात आणि बिल शेकडो युरो येतं. घरातल्या मुलांना आधी सांगून ठेवा.

इफेस्तू ही जुन्या बाजाराची गल्ली, रविवारी शेजारच्या आविसिनियास चौकात जुन्या वस्तू मांडतात, पितळी दिवे, रेडिओ, खुर्च्या, नाणी. रविवार असेल तर लवकर जा. विकत घेताना जपून, ग्रीसमधून पुरातन वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेणं गुन्हा आहे, "जुनं नाणं" म्हणून देतात ते बहुधा नवीनच असतं पण खरं निघालं तर विमानतळावर तुम्ही अडकाल.

आद्रियानू रस्त्यानेच पश्चिमेला थिसिओकडे थोडं चालून जा. एका बाजूला कॅफे, दुसऱ्या बाजूला कठडा, कठड्याखाली हिरव्या लाइनची रेल्वे आणि पलीकडे प्राचीन अगोरा, झाडी आणि पडके पाये. ते शांत हिरवं मैदान बघताना एक गोष्ट लक्षात असू द्या, तिथे व्रिसाकी नावाची वस्ती होती, अगदी प्लाकासारखीच. १९३१ पासून उत्खननासाठी तिथली जवळपास ४०० घरं पाडली. सॉक्रेटिस जिथे फिरला ती जागा आपल्याला मिळाली हे खरंच, पण कुणाची तरी स्वयंपाकघरं, अंगणं त्यासाठी गेली. हंपी बाजारातली घरं २०११ मध्ये पाडली तेव्हा मी तिथे होते, त्यामुळे त्या कठड्याशी मला नुसता आनंद काही झाला नाही. प्लाका वाचलं म्हणून ते हळू बघावंसं वाटतं.

८. शाकाहारी माणसाने खायचं काय

भरपूर आहे, फक्त विचारायचं कसं ते कळलं पाहिजे. "होरीस क्रेआस" म्हणजे मांस नको. पण खरा कामाचा शब्द "निस्तीसिमो", म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास आपल्या चातुर्मासासारखे लांबलचक असतात, ईस्टरच्या आधी तर सात आठवडे, शिवाय वर्षभर बरेच जण बुधवार-शुक्रवार पाळतात, आणि उपवासात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्यामुळे बेकरीत निस्तीसिमो म्हटलं की लगेच कळतं. पण सावध, त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात! म्हणून "मासे, कोळंबी काही नाही" हे वेगळं सांगाच.

ऑर्डर करण्यासारखं: येमिस्ता (भात भरून भाजलेले टोमॅटो आणि सिमला मिरची, कधी आत खिमा असतो, विचारून घ्या), फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल), यिगांतेस (मोठे पांढरे वाल टोमॅटोत), ब्रियाम (मिक्स भाजी ओव्हनमध्ये), स्पानाकोपिता (पालक आणि चीजची पाटिस). आईने फावा बघितलं आणि लिंबू मागितलं, कालवून खाल्लं आणि म्हणाली हिंग असतं तर घरचंच. सकाळी चालताना कुलुरी घ्या, तिळाचं गोल कडं, रस्त्यावर गाड्यांवर मिळतं.

टेबलावर ब्रेड आपोआप येतो आणि त्याचे माणशी पैसे बिलात लागतात, नको असेल तर आल्या आल्या परत करा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. दाराशी उभं राहून हाका मारणाऱ्यांच्या हॉटेलात जाऊ नका, एक गल्ली आत जा, फळ्यावर खडूने फक्त ग्रीकमध्ये लिहिलेलं असेल तिथे बसा. आणि टॉयलेटमध्ये कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, तिथले पाइप बारीक असतात.

९. छोटं चर्च चुकवू नका

मोनास्तिराकीवरून मित्रोपोलेओस रस्त्याने सिन्ताग्माकडे निघालात की मोठं कॅथीड्रल लागतं, आणि त्याच्या कुशीत एक एवढंसं दगडी चर्च, आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाएवढं. लोक मोठ्याचा फोटो काढून पुढे जातात. तुम्ही छोट्यापाशी थांबा. ते जवळजवळ सगळंच दुसऱ्या इमारतींच्या दगडांनी बांधलंय, जुनी देवळं, थडगी, जे मिळालं ते. दर्शनी बाजूला दाराच्या वर एक लांब पट्टी आहे, त्यात प्राचीन अथेन्सच्या वर्षभराच्या सणांच्या आकृत्या कोरल्यात, आपल्या चैत्र-वैशाखासारखं दगडी पंचांग. त्यात चाकांवरचं जहाज शोधा. अथेना देवीला नवीन वस्त्र अर्पण करायला मिरवणुकीने नेत, ते वस्त्र या जहाजाच्या शिडाला लावलेलं असे. देवीला साडी घेऊन जाणारा रथच. आणि त्या जहाजावरच नंतरच्या लोकांनी क्रॉस कोरलाय. जुनं काढून टाकलं नाही, त्यावर आपलं लिहिलं. पट्टी उंचावर आहे, मोबाइलचा झूम वापरा, दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, उतरत्या दुपारच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम जास्त उठून दिसतं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आलात तरी चालेल. आई तिथे पाऊण तास होती.

१०. मग अक्रोपोलिस

दुसऱ्या दिवशी. तिकीट ऑनलाइन आणि ठरलेल्या वेळेच्या स्लॉटचंच घ्या, एप्रिल २०२५ पासून ते ३० युरो झालंय आणि सगळ्या जागांचं मिळून जे एक तिकीट असायचं ते बंद झालंय, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले हिशोब विसरा. सरकारी साइटवरूनच काढा, सर्च केल्यावर वर येणारे एजंट जास्त घेतात. नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. पहिला स्लॉट धरा आणि अक्रोपोली स्टेशनजवळच्या दक्षिण उताराच्या दाराने आत जा, मुख्य दारापेक्षा रांग कमी असते.

वर गेलात की उत्तरेच्या कठड्याशी या आणि खाली बघा. काल चाललेल्या गल्ल्या ओळखू येतात, पांढरी घरं, चर्चचा लाल घुमट, वाऱ्यांचा मनोरा. आई बोट दाखवून सब्ज्याचं घर शोधत होती.

११. शेवटचा टप्पा सिन्ताग्मा

पहिल्या दिवशीची चाल छोट्या चर्चवरून सिन्ताग्मा चौकात संपवा. सगळं मिळून अडीच-तीन किलोमीटर होतं, पण चार तास धरा. चौकाच्या वरच्या अंगाला पिवळसर मोठी इमारत आहे, ग्रीसची संसद. हाच तो ओथोनचा राजवाडा, अनाफीच्या गवंड्यांनी बांधलेला. समोर पहारेकऱ्यांची बदली दर तासाला होते, रविवारी सकाळी ११ ला मोठी, बँडसकट. बघून झालं की मेट्रोत उतरा, पण लगेच गाडी पकडू नका. स्टेशनातच एका भिंतीवर काचेमागे खोदकामात निघालेले मातीचे थर तसेच ठेवलेत, पाण्याचे नळ आणि एक थडगंसुद्धा, आणि ऑफिसला जाणारी माणसं त्याच्यासमोरून धावत गाडी पकडत असतात. तिथे बसायला जागा नाही, पण एसी आहे, घाम जिरेपर्यंत उभं राहून बघा आणि मग लाल लाइन पकडा, पुढचंच स्टेशन अक्रोपोली.